पावसात वाळेल तेच शिवायचं

रोज वापरायचे सगळे कपडे घरी शिवायचे, असं मी जानेवारी 2025 मध्ये ठरवलं. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला आले. तोवर बहुतेक कपडे शिवून, धुऊन, घालूनही झाले होते. तेव्हापासून भेटणाऱ्या बायका दोनच प्रश्न विचारतात: मशीन कुठलं आणि खर्च किती? दोन्ही सांगते. पण माझा खरा वेळ गेला तो काय शिवायचं आणि काय नाही हे ठरवण्यात, म्हणून आधी ते.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर खाली माडांत, शाळा वर सड्यावर, मधे स्कूटरचा चढ. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. त्या चार महिन्यांत वलणीवरचं काही वाळत नाही, उरलेल्या आठांत अंगावरचं काही कोरडं राहत नाही. तयार कपडे बनवणाऱ्याच्या हे गावीही नसतं. अस्तराचे कुर्ते, जाड इलॅस्टिकच्या पँट, गळ्याला आतून कडक कॅनव्हास. दुकानात छान दिसतं सगळं. जुलैत तेच कपाटात ठेवलं की आठवड्यात कुबट वास आणि मग काळे ठिपके.

सुरुवातीला मी कात्रीला हात लावला नाही, एक वही घातली. रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी: आज काय घातलं, कुठे गेले, काय टोचलं, काय सारखं ओढावं लागलं, कशाला खिसा नव्हता. महिनाभर हे केल्यावर कपाटातले निम्मे कपडे वहीत एकदाही आलेले नव्हते आणि तीन कुर्ते फिरून फिरून येत होते. तिघांची लांबी गुडघ्याच्या किंचित खाली, बाही कोपराच्या खाली, दोन्ही बाजूंना चिरा, अस्तर नाही. म्हणजे माझं डिझाइन माझ्याच कपाटात तयार होतं. कुणी नवीन सुरुवात करणार असेल तर ही वही नक्की घाला, फुकट आहे.

शाळेचा एक नियमही होता. शालेय शिक्षण विभागाने मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. महिलांनी साडी किंवा सलवार/चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी-प्रिंट नको. पेपरात तेव्हा बरीच चर्चा झाली होती. माझं म्हणाल तर कपडे ठरवताना त्याची मदतच झाली, कारण निम्मे पर्याय आपोआप कटले. कुर्ते फिके आणि साधे, किंवा फार तर बारीक रेघांचे. त्रास फक्त दुपट्ट्याचा. अडीच मीटरचा दुपट्टा आणि स्कूटरचं मागचं चाक यांची गाठ पडू द्यायची नाही, म्हणून मी दुपट्टे मलमलचे, दोन मीटरचेच केले. स्कूटरवर बसताना त्याची घडी पर्समध्ये जाते, शाळेच्या फाटकात बाहेर येते.

फिक्या कुर्त्याखाली पँट मात्र तपकिरी, राखाडी नाहीतर निळी. जांभ्याची तांबडी माती ज्यांच्या पायाला लागली आहे त्यांना कारण सांगायला नको. पांढऱ्या सलवारीच्या कडेला ती एकदा बसली की कपडा विरला तरी निघत नाही. घरच्या कपड्यांचा हिशोब वेगळा. एप्रिल-मे आंब्याचा चीक, त्याच्या आगेमागे काजूचे बोंडू, मग कोकमं. बोंडूच्या रसाचा डाग आधी दिसतही नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन वर येतो. म्हणून गाऊन दोनच, आणि तेही गडद छापाचे. तिथे कुठलं परिपत्रक नाही.

शेवटी यादी झाली ती अशी: सहा कुर्ते, चार पँट, तीन दुपट्टे, दोन परकर, दोन गाऊन. कुठलीही पँट कुठल्याही कुर्त्यावर चालली पाहिजे ही अट. साड्या पुष्कळ आहेत, त्यांना धक्का लावायचा नाही. ब्लाऊज शिंप्याकडेच. ब्लाऊजच्या टक्सना हात बसायला वर्षं जातात आणि आमच्या शिंप्याच्या हाताला ती वर्षं लागलेली आहेत.

फेब्रुवारीत मशीन घेतलं. साधं काळं पायमशीन, अंब्रेला प्रकारचं, लोखंडी स्टँड, वर मोटर वेगळी बसवून घेतली. सगळं मिळून 8,600 रुपये. दुकानदार टेबलावर ठेवायच्या, वीस-बावीस टाके असलेल्या मशीनचा आग्रह करत होता. ते मशीन वाईट नाही, काज त्यावर छान होतात. पण पावसाळ्यात आमच्याकडे झाड पडलं की लाईट जाते ती केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि मला शिवायचं होतं नेमकं तेव्हाच. पायमशीनला लाईट लागत नाही. शिवाय त्याचा मेकॅनिक तालुक्यात कुठेही मिळतो. बिल जीएसटीचंच घ्या, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि मशीनवर कोरलेला नंबर आपल्यासमोर लिहून घ्या. नंबर बिलावरही हवा. फिटिंग करायला माणूस उद्या येतो म्हणाला आणि दीड आठवड्याने आला, तोवर मशीन ओटीवर पुठ्ठ्यात. मी घेतलं तेव्हा शिलाई मशीनवर 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. आता घेणाऱ्यांचं नशीब.

अनुदानाचंही विचारून पाहिलं. मी सरकारी नोकरीत, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता, पण शेजारची वहिनी परकर-फॉल-पिकोची कामं घेते, तिच्यासाठी मी कागद गोळा करायला लागले. पीएम विश्वकर्मा ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. अर्ज सीएससी (सामायिक सुविधा) केंद्रात भरतात, नोंदणीला पैसे नाहीत. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड न्यायचं. घरातल्या एकालाच लाभ, आणि कुटुंबात सरकारी नोकर असेल तर नाही. अर्ज आधी ग्रामपंचायतीकडे पडताळणीला येतो, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. मंजूर झालं की काही दिवसांचं प्रशिक्षण, त्याचा दिवसाला 500 रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. व्यवसायासाठी 5 टक्के व्याजाने कर्जही आहे. वहिनीच्या अंगठ्याचा ठसा काही केल्या उमटेना. नारळ सोलून, भांडी घासून ठसे झिजलेले. केंद्रातल्या मुलाने हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावायला सांगितलं तेव्हा अर्ज पुढे गेला. मग बरेच महिने ‘पडताळणी प्रलंबित’. दर सोमवारी आम्ही मोबाईलवर बघायचो. वाट बघणाऱ्यांना एकच सांगते: ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन विचारा. अर्ज लॉगिनमध्ये येऊन पडलाय हे तिथे कुणाच्या लक्षात आलेलंच नसतं.

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सुटल्यावर गावातल्या काकूंकडे शिकायला जायचे. महिना 700 रुपये. काकूंनी आयुष्यभर शिवलंय, आता डोळ्यांमुळे काम घेत नाहीत, शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी दोरा काढून टाकला आणि रेघी वहीचा कागद मशीनखाली दिला. रेघेवरून सुई चालव, भोकं रेघेवर आली पाहिजेत. मग चौकटीचा कागद, कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून पाय उचलून वळायचं. मग नागमोडी. तोवर मशीन उलटं फिरायचं थांबलं होतं. पायमशीन शिकताना सगळ्यांचं तेच होतं, चाक मागे जातं आणि दोरा तुटतो. हाताने चाकाला आपल्याकडे झटका द्यायचा आणि मगच पाय दाबायचा.

“अगो, घाई कुणाला आहे? परकर शिव आधी. परकर नीट आला की निम्मं शिवण आलं.”

खरं होतं. परकरात सरळ टीप, कळ्या, उरेबातलं, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड ताणू न देणं, नेफा, दुमड, सगळं येतं, आणि चुकलं तरी साडीखाली जातं. काकूंचा दुसरा नियम म्हणजे अंगावरची मापं घ्यायचीच, पण त्यासोबत व्यवस्थित बसणारा जुना कुर्ता पसरून त्याचीही घ्यायची. दोन्हींत जो फरक येतो तो आपला सैलपणा. माझी छाती 38, आवडत्या कुर्त्याची 42. म्हणजे चार इंच सैल ठेवलं की मला हात वर करून फळ्यावर लिहिता येतं. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, मात्र खोल घ्यायचा नाही. बायकांना वाटतं मुंढा खोल म्हणजे मोकळा, पण खोल मुंढ्याच्या कुर्त्यात हात वर केला की अख्खा कुर्ता वर येतो.

कापड ज्यावरून कापायचं त्या साच्यांना खाकी कागद वापरतात. आमच्या हवेत तो जूनमध्ये पापडासारखा मऊ पडतो. शाळेत कार्यक्रमांचे जुने फ्लेक्स पडून होते, मुख्याध्यापकांना विचारून दोन आणले. फ्लेक्स दमट होत नाही, कात्रीने स्वच्छ कापला जातो, कडेने खडू फिरवता येतो आणि गुंडाळून माळ्यावर टाकता येतो. माझ्या मागच्या भागाच्या साच्यावर ‘हार्दिक’ आहे आणि बाहीवर कुणा पाहुण्यांचा अर्धा चेहरा. साच्यावर तारीख, माप आणि शिवणीची जागा धरली आहे की नाही हे मार्करने लिहून ठेवा. पहिला कुर्ता जुन्या चादरीचा शिवला, बसवून बघण्यापुरता.

2 मेपासून सुट्टी लागली. पहिल्याच आठवड्यात आंबा घाटाने कोल्हापूर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे वहिनीही आली. रस्त्याच्या चौपदरीकरणाने सव्वाशे-दीडशे किलोमीटरला अख्खी सकाळ गेली. गांधीनगरची बाजारपेठ ठोकाची. काही दुकानं तागाच देतात, काही मीटरवर देतात, आत शिरण्याआधी विचारून घ्यावं. सुती कापड बरंचसं जवळच्या इचलकरंजीच्या मागांवरचं असतं. रत्नागिरीत मिळत नाही असं नाही, पण एका वेळी पंधरा-वीस प्रकार हातात घेऊन बघायला मिळतात ते तिथे. मुंबईला जाणं-येणं असेल त्यांना मंगलदास मार्केट आहेच, फक्त रविवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

कापड हातात घेतल्यावर मी काय बघते ते सांगते. कोपरा दोन्ही अंगठ्यांत धरून घासायचा. पांढरी भुकटी पडली आणि कापड एकदम लुळं झालं, तर ते खळीने जाड केलेलं आहे. मग उजेडाकडे धरायचं. धागे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. ओला रुमाल घेऊन गडद रंगावर चोळायचा, रुमालाला रंग आला तर ते कापड फिक्या कुर्त्यासोबत धुता येणार नाही, म्हणजे माझ्या अटीत बसत नाही. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं दुकानदार सांगतात, त्यावर विसंबू नका. आणि मुठीत चुरगळून दहा अंक मोजायचे. खादी चुरगळणारच, पण रोज सकाळी इस्त्री करणार आहोत का हे आपलं आपल्याला माहीत असतं.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय भाव ऐकूच नका. 44 इंची पन्ह्यात माझ्या मापाच्या कुर्त्याचे पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात, बाह्या कडेच्या पट्ट्यात निघतात. म्हणून अडीच मीटर. तेच 58 इंची पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी बसतात आणि पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. 110 रुपये मीटरचं 44 इंची महाग की 150 रुपयांचं 58 इंची, हे पाटीवर मांडून बघा. पँटला 44 इंचीत सव्वादोन मीटर. सगळं मिळून चाळीसेक मीटर कापड झालं: कुर्त्यांना कॅम्ब्रिक (पातळ, घट्ट विणीचं सुती) आणि थोडी खादी, पँटला जाडसर पॉपलिन, दुपट्ट्यांना मलमल. 5,200 रुपये. परतीला दोन बोचकी, आणि घाटात वहिनीला गाडी लागली ती वेगळी.

ठरवलं होतं असं की महिनाअखेर कापड पाण्यातून काढायचं, कडक उन्हात वाळवायचं, इस्त्री करून कापून ठेवायचं आणि जूनपासून नुसतं शिवायचं. पण 2025 साली मान्सून 24 मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या किनाऱ्यावर. आदल्या रात्री मी चाळीस मीटर कापड भिजत घातलेलं! मिरगाची वाट बघणारी माणसं आम्ही, मेमध्येच पागोळ्या लागल्या. आंबेवाल्यांचे जे हाल झाले त्यापुढे माझ्या कापडाचं काय. पडवीत दोऱ्या बांधल्या, खांबापासून खांबापर्यंत, आणि सगळं तिथे पसरलं. आई म्हणाली, मंडप घातलाय जणू.

पण त्या पडवीत मला जे कळलं ते उन्हात कळलं नसतं. दर दोन-तीन तासांनी मी तळहाताची मागची बाजू लावून बघत होते. मला तळव्याने दमट आणि गार यातला फरक कळत नाही, मागच्या बाजूने कळतो. मलमल संध्याकाळपर्यंत कोरडी. कॅम्ब्रिक दुसऱ्या दिवशी सकाळी. पॉपलिन त्याच दुपारी. खादी तिसऱ्या दिवशीही कडेला गार लागत होती. शेजारी माझा एक तयार घेतलेला जुना कुर्ता लावला होता. त्याचं अंग सकाळी वाळलेलं, पण गळ्याची आतली रुंद पट्टी ओली, खिशाची पिशवी ओली, खालची दोन इंची दुमड ओली, आणि दोन्ही चिरांच्या टोकाला जिथे चार थर एकावर एक येतात तिथे बोट दाबलं तर पाणी जाणवत होतं. वास येतो तो तिथूनच. कापड कुठलं घेतलंय याच्याइतकंच कुठे किती थर आलेत याला महत्त्व आहे.

मग सगळं डिझाइन त्या हिशोबाने बदललं. गळ्याला कॅनव्हास नाही, आतून रुंद पट्टीही नाही, नुसती पाऊण इंची उरेब पट्टी. दुमड अर्ध्या इंचाची. खिसे बाजूच्या शिवणीतले, पण पिशवी मलमलची. पँटचा नेफा इलॅस्टिकचा न ठेवता एका थराचा, आत नाडी, म्हणजे धुताना नाडी काढून टाकता येते. पँटची उंची घोट्यापर्यंत आणि मोहरी (पायाकडचं तोंड) तेरा इंच, स्कूटरवर चिखल उडाला तरी कड ओली होत नाही. खादीचे दोन कुर्ते ऑक्टोबरनंतरचे म्हणून बाजूला ठेवले.

पाण्यातून काढल्यावर कॅम्ब्रिक मीटरमागे इंचभर आणि खादी जवळजवळ दोन इंच आटली. अडीच मीटर घ्यायचं ते यासाठीही. खळही पूर्ण गेली पाहिजे, कारण बुरशी धरते ती खळीला. घरी कांजी करून कपड्यांना देण्याची सवय असेल तर पावसाळ्यापुरती सोडा.

शाळा 16 जूनला सुरू झाली. त्यानंतर शिवणं संध्याकाळी आणि रविवारी. एकाच प्रकारचे सगळे कपडे एकदम कापले. चारी पँट एका दिवशी, मग सगळ्यांच्या आतल्या शिवणी, मग सगळ्यांचे नेफे. दोऱ्याचा रंग बदलत बसावं लागत नाही, आणि तिसऱ्या पँटला हात आपोआप चालतो. कुर्त्यांचं तसं केलं नाही. कुर्त्याच्या गळ्याला कात्री लावताना माझे हात थंड पडायचे, एका दिवशी चार गळे कापायची ताकद नव्हती. गळ्याचा साचा आधी कापडावर खडूने काढून, उरेब पट्टी लागल्यावर तो अर्धा इंच मोठा होणार हे धरून, आतल्या रेघेवर कापायचं. छोटा राहिला तर वाढवता येतो.

जुलै सगळ्यात अवघड गेला. लाईट जायची तेव्हा चार्जिंगचा दिवा मशीनच्या डोक्याला बांधायचे, आणि पाच मिनिटांत त्याच्यावर पंखवाले किडे. त्यांचे पंख दुपट्ट्याच्या शिवणीत अडकायचे. दिवा थोडा लांब, बाजूला ठेवला की किडे तिकडे जातात आणि सावलीही पडत नाही. मशीनचा चामडी पट्टा दमट हवेत सैल पडतो आणि चाक नुसतं फिरतं. पट्ट्याचं टोक अर्धा इंच कापून हूक परत लावायचा, दोन मिनिटांचं काम. खाऱ्या हवेत सुई एका रात्रीत तांबूस होते. सुया मशीनच्या तेलाच्या चिंधीत गुंडाळून डबीत ठेवल्या, आणि चढवण्याआधी जुन्या कापडावर दोन टिपा मारल्या, म्हणजे तेलाचा डाग पांढऱ्या कुर्त्यावर येत नाही. मलमलला 11 नंबरची सुई, कॅम्ब्रिकला 14, पॉपलिनची जाड शिवण असेल तर 16. शटलच्या (बॉबिन बसते त्या भागाच्या) खाली लिंट, म्हणजे धाग्यांचा बारीक भुसा, साचतं आणि ते ओलं होऊन घट्ट बसतं, दर रविवारी ब्रशने काढायचं. लाईट असेल तेव्हा पुढच्या दोन दिवसांच्या पट्ट्यांना एकदम इस्त्री करून ठेवायची.

मधे काही दिवस कशालाच हात लावला नाही. बाहेर अंधार, आत अंधार, शाळेत ऑनलाइन माहिती भरायची धांदल, आणि घरी परतल्यावर त्या कापडांच्या गठ्ठ्याकडे बघवत नव्हतं. आईने न विचारता त्यातल्या दोन कुर्त्यांच्या दुमडी हाताने घालून ठेवल्या. तिथून पुन्हा सुरू झालं.

कडा इंटरलॉक करायला, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनवर गुंफून घ्यायला, रत्नागिरीत द्यायचं ठरलं होतं, नगाला 25 रुपये. ऑगस्ट लागला आणि दुकानात उत्तर मिळालं, आता गणपती झाल्यावर या. कोकणात राहून हे आधी लक्षात यायला हवं, कुठलाही शिंपी त्या महिन्यात नवीन काम घेत नाही. उरलेल्या कुर्त्यांना फ्रेंच शिवण घातली. आधी कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून बारीक टीप, कडा छाटायची, मग उलटून दुसरी टीप, म्हणजे कच्ची कड आत बंद होते. पातळ कापडाला ती इंटरलॉकपेक्षा चांगली दिसते. जाड पॉपलिनला घालू नका, पुन्हा थर वाढतात. काजं मी हाताने केली नाहीत, सुट्टीच्या दिवशी करून आणली.

गणपतीत घर भरलेलं. मुंबईहून आलेल्या जावेने कुर्ता कुठल्या दुकानातला म्हणून विचारलं, आणि मग लगेच शिवण बघायला कुर्त्याची कड उलटून बघितली. बायकांची खरी परीक्षा तीच. पुढचे पाच दिवस रोज दोन-तीन कपडे धुवावे लागले, आणि रात्री पडवीत टाकलेला कॅम्ब्रिकचा कुर्ता सकाळी चहाच्या वेळी घालण्याइतका वाळलेला असायचा.

आता खर्च. मशीन 8,600, कात्री-टेप-खडू-सुया-बॉबिन असं 1,350, शिकण्याचे 1,400, कापड 5,200, इंटरलॉक, काज-बटण आणि दोरे 900 च्या आसपास. साडेसतरा हजारांच्या घरात. पैसे वाचवायला म्हणून हे करू नका, निदान पहिल्या वर्षी. आमच्याकडे शिंपी साध्या कुर्त्याच्या शिलाईचे 350-400 घेतो. त्यात कापडाचे पैसे मिळवले तरी, मशीनची किंमत धरली तर मी त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही. कात्रीत मात्र कंजुषी करू नका. दहा इंची, भारी, आणि घरातल्या कुणीही तिने कागद कापायचा नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात सगळं बाहेर काढून वाळवलं. कपाट दोन दिवस उघडं ठेवलं, आत कडुनिंबाचा पाला. नवीन कपड्यांवर ठिपके नाहीत. पँटचे गुडघे थोडे फुगलेत, पॉपलिनचं ते होतंच. खादीचे दोन्ही कुर्ते दिवाळीनंतर शिवले.

वहिनीचा अर्ज नोव्हेंबरमध्ये पुढे सरकला, प्रशिक्षणाचा निरोप आला. तोवर ती माझे फ्लेक्सचे साचे घेऊन गेली आहे. तिची छाती 34 आहे, तेव्हा चारही बाजूंनी एक-एक इंच कापून बसणार नाही, मुंढा आणि खांदा वेगळे काढावे लागतील, हे तिला सांगितलंय. यंदा कापडाला आम्ही दोघी शिमग्याच्या आधी जाणार, मार्चच्या उन्हात पाण्यातून काढायला. यादीत यांचे दोन शर्ट आहेत. कॉलरला कॅनव्हास लागतोच का, याच्यावर काकूंशी वाद चालू आहे.